उडी मारलीच नाही त्याने

पिंट्याचं ते रील आपल्या सगळ्या ग्रुपांवर फिरून झालंय, त्यामुळे थोडक्यातच सांगतो: ताज हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून त्याच्या गोऱ्या आर्किटेक्टने उडी मारली आणि त्याचं भूत अजून तिथे फिरतं, असं ते रील. ताज, रात्र, निळा फिल्टर, पिंट्याचा तो मुद्दाम घोगरा केलेला आवाज आणि शेवटी "साहेब अजूनही येतात...". बास. त्यावरनं परवा कट्ट्यावर जे झालं ते लिहून काढायचं मी तिथेच ठरवलं, कारण सुजा जे बोलली ते नुसतं हवेत जाऊ नये असं मला फार वाटलं.

कट्टा नेहमीचाच, फणसवाडीच्या तोंडाशी, बंद पडलेल्या छापखान्याची पायरी. पाऊस येऊन-जाऊन. गटारी होऊन चार दिवस झालेले त्यामुळे बाळ्या श्रावण पाळतोय आणि कारण नसताना सगळ्यांवर खेकसतोय. अण्णा त्यांच्या ठरलेल्या कोपऱ्यात, पायरीवर पेपर अंथरून. विन्या बोटीवरनं सुट्टीला आलाय, तीन महिने आहे. सुजा बांधकामाच्या साइटवरनं डायरेक्ट आलेली, चपलेला चिखल. आणि पिंट्या, एका हातात कटिंग आणि एका हातात मोबाइल, दर दोन मिनिटांनी स्क्रीन खाली ओढून आकडा बघतोय.

"काय पिंट्याशेठ, ऐंशी हजार झाले म्हणे," बाळ्या.

"ब्याण्णव," मान वर न करता. "आणि सगळे ऑर्गॅनिक."

"म्हणजे शेणखतावरचे?"

इथपर्यंत हसणं चाललेलं. मग सुजा एकदम बोलली, "पिंट्या, त्या साहेबाचं नाव काय रे?"

"चेंबर्स. डब्ल्यू. ए. चेंबर्स. ताजचा आर्किटेक्ट. नकाशा काढून दिला, विलायतेला गेला, परत आला तर हॉटेल उलटं बांधलेलं. पुढचं मागे, मागचं पुढे. धक्का बसला, पाचव्या मजल्यावरनं उडी. तेव्हापासून जुन्या विंगमध्ये फिरतो. अगं सगळ्या मुंबईला माहितीय, मला माझ्या आजीने सांगितलंय."

"नकाशा कोणी काढला?"

"आता बोललो ना, चेंबर्सने."

"नाही." सुजाने ग्लास खाली ठेवला, आणि सुजाने चहा अर्धा सोडला की समजायचं आता ही उठत नाही. "सीताराम खंडेराव वैद्य. आणि त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा. प्लॅन त्या दोघांचा. काम चालू असताना वैद्य वारले, मग उरलेलं पुरं करायला चेंबर्सला आणला. 16 डिसेंबर 1903 ला हॉटेल उघडलं, पहिल्या दिवशी 17 पाहुणे. ब्याण्णव हजार लोकांना तू भुताचं नाव सांगितलंस, ज्या माणसाने ते हॉटेल डोक्यात उभं केलं त्याचं नाव तुझ्या नव्वद सेकंदांत एकदाही नाही."

खरं सांगतो, मी गिरगावात जन्मलो, ताजवरनं हजारदा गेलोय, लहानपणी दर रविवारी बाबा गेटवेला न्यायचे आणि ताजकडे बोट दाखवून त्या साहेबाची गोष्ट सांगायचे, आणि वैद्य हे नाव मी पहिल्यांदा परवा ऐकलं. चाळिशी उलटल्यावर. मला ते लागलं.

पिंट्या हार मानणाऱ्यातला नाही. "बरं, नकाशा वैद्यांचा. पण हॉटेल उलटं आहे की नाही ते बोल. मेन दरवाजा मागे होता की नाही? आता जिथे स्विमिंग पूल आहे तिथे होता. गूगल कर."

"होता ना. तिथेच होता आणि तिथेच असायचा होता. घोडागाड्या कुठनं येणार, समुद्रातनं? शहराच्या बाजूने येणार, त्या बाजूला दरवाजा. आणि बंदर पूर्वेला आहे रे, मुंबईत वारा पश्चिमेचा. म्हणून इमारतीचे दोन हात पश्चिमेला पसरलेत, यू सारखे, की वारा आत शिरेल. एसी नव्हते तेव्हा. ज्याने तो प्लॅन केला त्याला मुंबईचा मे महिना अंगावर माहिती होता. विलायतेत बसून नाही सुचत हे."

"पण दिसतं उलटं."

"तुला दिसतं कारण तू गेटवेला उभा राहून सेल्फी काढतोस."

आणि इथे अण्णा पेपरातनं वर आले. अण्णा 34 वर्षं गोदीत होते, त्यांच्यासमोर अपोलो बंदराचा विषय निघाला की त्यांना बोलल्याशिवाय राहवतच नाही. "अरे बाबांनो, 1903 ला गेटवे होता कुठे? पायाचा दगड बसला 1913 ला, तोही इंग्लंडचा राजा येऊन गेल्यावर, आणि खुला झाला 1924 च्या डिसेंबरात. विटेटसाहेबाचं डिझाइन. ताज त्याच्याआधी एकवीस वर्षं उभा आहे. आपण गेटवेच्या पाठीला पाठ लावून बघतो म्हणून ती बाजू आपल्याला पुढची वाटते. महाराजांचा पुतळा तर 61 चा."

"म्हणजे ताजने नाही पाठ फिरवली, आपणच चुकीच्या बाजूला उभे राहिलो," विन्या.

"हां, हे छान बोललास," सुजा.

पिंट्याने तेवढ्यात स्क्रीन ओढून घेतली. त्र्याण्णव.

मग सुजाने जो मुद्दा काढला तो मला सगळ्यात पटला, आणि त्याला पिंट्याकडे अजून उत्तर नाही. ती म्हणाली भूत वगैरे बाजूला ठेव, साध्या साइटचा विचार कर. इमारत उलटी व्हायची तर पाया उलटा खणला पाहिजे. पाया खणला, जोतं आलं, मजले चढले, वर्षांमागनं वर्षं गेली, आणि एकालाही कळलं नाही? मालक जमशेटजी टाटा, मुंबईतच राहणारे. कंत्राट सोराबजी रतनजी काँट्रॅक्टरांकडे, ज्यांनी तो मधला अधांतरी जिना उभा केला, खाली खांब नाही नि काही नाही, त्या माणसाला पुढची बाजू कुठली ते समजलं नसेल? "माझ्या साइटवर बाथरूमचा उतार दोन सूत उलटा झाला ना, तर संध्याकाळच्या आत मालकीणबाईंचा फोन येतो. आणि इथे अख्खं हॉटेल फिरलं आणि बोंब नाही. बरं चेंबर्स आला तोच मधनं. त्याला मिळालं ते अर्धं उभं राहिलेलं. जे बघून त्याने काम हातात घेतलं त्याचाच त्याला शेवटी धक्का बसला?"

बाळ्या म्हणाला, "असं होतं गं, माझं लग्नाचं तसंच झालं."

तर हे असं चालू असतं आमच्याकडे. पाच मिनिटं बाळ्याच्या लग्नावर गेली, त्यात ती 2008 ची पत्रिका, जिच्यावर मुहूर्त दुपारचा छापलेला आणि लग्न सकाळी लागलेलं, ती गोष्ट परत निघाली, त्यात पिंट्याने अजून आहेर दिला नाही हेही निघालं. मी ते सोडून देतो.

पिंट्याने मोर्चा वळवला. "तुम्ही लोक ना मजा मारून टाकता. जगात कुठल्याही जुन्या हॉटेलात भूत असतंच, लोकांना आवडतं. मसुरीचं सॅव्हॉय घे. तिकडे रूम बुक करतात लोक भुतासाठी."

"सॅव्हॉयचं वेगळं आहे," अण्णा म्हणाले, अण्णांना हे सगळं कुठनं माहिती असतं देव जाणे, "तिथे 1911 ला ती फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म म्हणून बाई खरोखर विषाने गेली. तिच्या सोबतिणीवर अलाहाबादेला खटला चालला, ती सुटली, आणि विष कोणी घातलं ते तसंच राहिलं. म्हणजे मेलेलं माणूस आहे, कोर्टाचा कागद आहे, न उकललेली गाठ आहे. त्यावर भूत बसलं तर मी समजू शकतो. तुझं भूत नुसतंच बसलंय, खाली काहीच नाही."

आणि मग विन्या. विन्या तासभर गप्प होता, बोटीवर राहून राहून त्याला कमी बोलायची सवय लागलीय, पण तो बोलला आणि पिंट्याचा पार कचरा झाला. "ही गोष्ट मी ग्लासगोला ऐकलीय," तो म्हणाला.

"ताजची?"

"नाही रे. तिकडे केल्विनग्रोव्ह म्हणून म्युझियम आहे, मोठं, लाल दगडाचं, मनोरे वगैरे. 1901 चं. बोट तिकडे लागलेली, आम्ही चौघं फिरायला गेलो तर टॅक्सीवाला सांगतो, ही इमारत उलटी बांधलीय, आर्किटेक्टने बघितलं आणि मनोऱ्यावरनं उडी मारली. शब्दाला शब्द. मी त्याला बोललो अरे ही तर आमची गोष्ट आहे, तो बोलला नाही आमची आहे. मग मी रात्री केबिनमध्ये बसून शोधलं. उलटीबिलटी काही नाही, 1901 ला तिथल्या पार्कात मोठं प्रदर्शन होतं, इमारतीचं तोंड त्या पार्काकडे आहे, आता रस्ता दुसऱ्या बाजूला म्हणून लोकांना ती बाजू पुढची वाटते. आणि दोन आर्किटेक्ट होते, त्यातला एक जॉन सिम्पसन. त्याने पुढे काय केलं सांगू? वेम्बली स्टेडियम. जुनं वेम्बली, 1923 चं. उडी मारून मेल्यावर बावीस वर्षांनी."

मी इतका हसलो की चहा नाकात गेला. अण्णासुद्धा पेपर बाजूला ठेवून हसत होते. पिंट्या एकटाच, "असेल ना, दोन्हीकडे झालं असेल."

"दोन्हीकडे उलटं, दोन्हीकडे उडी, दोन वर्षांच्या अंतराने," सुजा. "साहेबांची साथ आली होती वाटतं तेव्हा."

पण बघा, ही गोष्ट इकडे कशी आली असेल याचा मी नंतर बराच विचार केला. बोटीतनंच आली असणार. ग्लासगोहून मुंबईला येणारी माणसं तेव्हा कमी नव्हती, गिरण्यांची यंत्रं, बोटींचे इंजिनियर, सगळे तिकडचे. कोणीतरी बारमध्ये बसून सांगितली असेल, ऐकणाऱ्याने समोरच्या घुमटाला चिकटवली असेल. हा माझा अंदाज. पण ती इथे रुजायला एक जागा रिकामी लागते, आणि ती जागा वैद्यांची होती. आर्किटेक्ट कोण ते लोकांना माहितीच नव्हतं, म्हणून कोणीही साहेब तिथे बसवता आला.

बाळ्या म्हणाला, "पिंट्या, तुझं पुढचं रील कुलाब्याच्या मुकेश मिलचं आहे ना?"

"हो, पुढच्या शुक्रवारी. तिथे तर शूटिंगवाले पण घाबरतात."

बाळ्याचे वडील गिरणीत होते. मुकेशमध्ये नाही, लालबागला, पण 18 जानेवारी 1982 ला जो संप सुरू झाला त्यात त्यांचं जे गेलं ते परत आलं नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहितीय, बाळ्याने शाळेत असताना संध्याकाळी फुलपुड्या बांधल्यात. तो चिडलेला नव्हता, अगदी साध्या आवाजात बोलला. "गिरणीत बाई दिसते, पांढरी साडी दिसते, दिवे दिसतात. अडीच लाख माणूस त्या संपात होता. त्यातला एकही कधी कोणाला दिसत नाही. भुतात पण कामगार घेत नाहीत काय रे?"

यावर कोणी काही बोललं नाही. पाऊस परत लागला, आम्ही सगळे शटरला चिकटून बसलो, पिंट्याने मोबाइल खिशात घातला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा.

अण्णांनी मग वॉटसन हॉटेलचा विषय काढला. जमशेटजींना वॉटसनमध्ये घेतलं नाही, फक्त गोऱ्यांसाठी आहे सांगितलं, म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही अण्णांची आवडती गोष्ट, गोदीत असताना कँटीनमध्ये दर महिन्याला सांगायचे असं ते स्वतःच म्हणतात. सुजाने हळूच सांगितलं की अण्णा, त्यालाही त्या काळातला कागद नाही. खरी पार्श्वभूमी प्लेगची. 1896 ला मांडवीत प्लेग सुरू झाला, गोव्याच्या डॉक्टर व्हिएगसांनी तो ओळखला, शहर ओस पडलं, लोक मुंबईचं नाव घ्यायला घाबरायला लागले, आणि अशा वेळी त्या माणसाने ठरवलं की या शहरात असं काहीतरी उभं करायचं की बघून माणसं परत येतील. "मला ही गोष्ट तुमच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते अण्णा. अपमान झाला म्हणून बांधलं यापेक्षा, शहर मरायला टेकलेलं म्हणून बांधलं."

अण्णांचा चेहरा जरा पडला. ते म्हणाले, "पटतं गं बाय. पण आम्हाला ती वॉटसनची गोष्ट लागायची. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली काम केलेल्या माणसांनी आम्हाला शिकवलं, त्यांना ती लागायची."

"मग ती ठेवा," सुजा म्हणाली. "ती निदान कोणाचं नाव पुसत नाही."

(वॉटसनची इमारत म्हणजे काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन. इंग्लंडात ओतलेलं लोखंड बोटीने आणून उभी केलेली. 7 जुलै 1896 ला ल्युमिएरचे सिनेमे भारतात पहिल्यांदा दाखवले ते त्याच घरात. ताजला भूत आहे म्हणून रील होतं, आणि ही खरोखरची मरायला टेकलेली इमारत, टेकू लावून उभी, तिच्याकडे कोणी बघत नाही. मी कामाला जाताना रोज बघतो आणि रोज जीव तुटतो.)

आता मधला तो भाग, जो लिहू की नको असं झालेलं, पण सुजाने लिही म्हणून सांगितलं. झालं असं की पिंट्या म्हणाला, "पण तू एवढी का पेटलीस? वैद्य काय तुझे आजोबा लागतात?"

आणि बाळ्या फटकन बोलला, "देखाव्याचं विसरलास वाटतं."

2011 चा देखावा. मंडळाचं नाव घेत नाही. सुजा तेव्हा जेजेला शेवटच्या वर्षाला. गणपतीत व्ही.टी. स्टेशन करायचं तिचं डोकं, थर्माकोल नको, सगळं पुठ्ठा आणि बांबू, दीड महिना तिने रात्री जागून ड्रॉइंगं काढली, आणि प्रतिष्ठापनेला नऊ दिवस असताना डेंग्यूने आडवी झाली. पुरं केलं पिंट्याने. चांगलं केलं, कोणी नाही म्हणत नाही. बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, फोटोत पिंट्या, खाली नाव पिंट्याचं. सुजाने तो पेपर दवाखान्यात बघितला.

"मी तेव्हाच सॉरी बोललेलो," पिंट्या.

"मला नाही बोललास. माझ्या आईला बोललास."

"तू सलाइनवर होतीस!"

"एक आठवडा होते. त्यानंतर चौदा वर्षं बाहेर आहे."

पिंट्या जो लाल झाला. मी त्याला पहिलीपासून ओळखतो, त्याला एवढं गप्प झालेलं मी बघितलं नव्हतं. आणि सुजा रागात पण नव्हती, तिला ते बोलायचंच होतं बहुतेक, बोलून झाल्यावर तिने त्याच्याच ग्लासातला चहा उचलून प्यायला. मग म्हणाली, "आणि तुला माहितीय व्ही.टी. का निवडलेली मी? कारण व्ही.टी. बांधताना स्टीव्हन्ससाहेबाच्या हाताखाली देखरेखीला कोण होतं? हेच सीताराम खंडेराव. आणि माधवराव जनार्दन. 1878 ते 1888, दहा वर्षं. दगडावरची ती पानं, फुलं, माकडं, मोर जेजेच्या पोरांनी कोरली. तिकडे शिकून तो माणूस ताजपर्यंत आला. व्ही.टी.ला हाताखालचा म्हणून नाव मागे, आणि ताजला स्वतःचं काम तर तिकडे भूत पुढे."

थोडा वेळ तसाच गेला. विन्याने विषय बदलावा म्हणून भलतंच विचारलं, की मग ताजमध्ये काहीच नाही का, रात्री कामाला असणारे काय म्हणतात. आणि पिंट्या सवयीने म्हणाला, "26/11 नंतर तर..."

"नाही," अण्णा. एवढंच. मग जरा वेळाने, "त्या स्मारकावर 31 नावं आहेत. पाहुणे आहेत, आचारी आहेत, वेटर आहेत. पाहुण्यांना बाहेर काढताना गेलेली माणसं आहेत त्यात. आमच्या चाळीतनं धूर दिसत नव्हता पण वास आल्यासारखं वाटत होतं तीन दिवस. त्यांचं रील करायचं नाही, पिंट्या."

"नाही करणार अण्णा," पिंट्या लगेच बोलला आणि तो खरं बोलत होता.

मग अण्णांनीच वातावरण हलकं केलं, गावची भुतं काढली. अण्णा मालवणकडचे. देवचार कसा वेस राखतो, रात्री त्याच्या काठीचे घुंगरू कसे वाजतात, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, त्याला वर्षाला रोट नि विडी लागते. मुंजा पिंपळावर, मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला म्हणून. चकवा रात्रभर एकाच शेताला फिरवतो. समंध धन राखतो. "आमच्या भुतांना कामं असतात," अण्णा म्हणाले. "एकही भूत उगाच नाही. काहीतरी राहून गेलेलं असतं त्याचं. वासना राहिली की माणूस अडकतो."

सुजा ताठ बसली. "थांबा अण्णा. परत बोला."

"वासना राहिली की अडकतो."

"मग मला सांगा, ताजमध्ये वासना कोणाची राहिली? चेंबर्स आला, त्याचं काम पुरं झालं, हॉटेल उघडलं, घुमट वर गेला. त्याचं काय राहिलं? आणि एक माणूस आहे, ज्याने प्रत्येक खिडकी कागदावर काढली, वारा कुठनं येईल ते धरलं, आणि उभं राहिलेलं बघायच्या आत गेला. तुमच्या भुतांच्या कायद्याने त्या जिन्यावर कोण फिरायला पाहिजे?"

मला काटा आला अंगावर. अण्णा कितीतरी वेळ मान हलवत होते. ते म्हणाले, "वैद्यच."

"वैद्यच," बाळ्या.

"म्हणजे भूत आहे!" पिंट्या उडालाच, "तुम्हीच बोललात, भूत आहे, फक्त नाव बदलायचं!"

"अरे भूत नको रे, माणूस कर," सुजा हात जोडून. "एक रील माणसावर कर."

"माणसाला व्ह्यूज नाहीत गं. भूत वैद्यांचं करतो, शेवटी खरी माहिती टाकतो. व्ही.टी., मिर्झा, वारा, सगळं. तुझं नाव पण टाकतो, रिसर्च म्हणून. पहिलं नाव तुझं."

सुजाने त्याच्याकडे बघितलं. "पहिलं?"

"शपथ. पेपरात आलं तरी फोटोत तू."

बाळ्याने आपली शंका काढली की मराठी भूत आहे तर ते ताजमध्ये राहील का, दहा वाजले की उठून गिरगावात जेवायला येईल, खानावळवाल्याला विचारलं पाहिजे. विन्या म्हणाला चेंबर्सला पण नोटीस द्या, एकशे वीस वर्षं दुसऱ्याच्या जागेत राहतोय. अण्णा म्हणाले गोदीत मी भाडेकरू काढायचंच काम केलंय, अर्ज माझ्याकडे द्या. हसून हसून पोट दुखायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी गॅलरीतनं "अरे साडेअकरा वाजले!" असं दोनदा सांगितलं.

काल संध्याकाळी पिंट्या नवीन रीलचा मजकूर लिहून घेऊन आला. सुजासमोर उभा राहून, घसा खाकरून, त्याच घोगऱ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचा नकाशा कोणा इंग्रजाने काढला नव्हता. तो काढला होता एका मराठी आयुर्वेदाचार्याने..."

"आयुर्वेदाचार्य?"

"वैद्य बोललीस ना तू. वैद्य सीताराम खंडेराव."

"अरे आडनाव आहे ते!"

बाळ्या पायरीवरनं खाली बसला तो उठेचना. अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. सुजाने कागद ओढून घेतला, पेन मागितलं, आणि छापखान्याच्या शटरवर कागद टेकवून, डोळ्यांतनं हसण्याचं पाणी गळत असताना, पहिल्या ओळीपासनं दुरुस्त करायला लागली.